सावध असावे, संशयी नसावे



पवित्र भूमीच्या यात्रेची आपल्या लोकांना मोठी ओढ असते. आयुष्यभर पै-पै साठवून, कधी मुलांनी मिळून पैसे भरून, वयस्कर आईवडील या यात्रेला जातात. बऱ्याच सहली जॉर्डन, इस्राएल आणि इजिप्त अशा तीन देशांच्या असतात. त्यामुळे बेथलेहेम-जेरुसलेमबरोबर आफ्रिका खंडातले कैरो शहरही पाहून होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धामुळे अनेक यात्रा रद्द कराव्या लागल्या. पण ओढ काही कमी झालेली नाही.

यात्रेहून परतलेल्यांना कैरोविषयी विचारले की दोन उत्तरे हमखास मिळतात. एक म्हणजे, पिरॅमिड डोळ्यांत मावत नाहीत. दुसरे म्हणजे, "तिथली माणसे एकजात लबाड!" मग पुढच्या वर्षी जाणाऱ्यांना उपदेश होतो, "कोणावरही विश्वास ठेवू नका, कोणी हसून बोलला की समजा फसवायलाच आला."

या उपदेशाचा आज आपण थोडा विचार करू या. तो देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यांचा अनुभवही खरा असतो. पण परक्याला आपलेसे करा असे सांगणाऱ्या प्रभूच्या शिष्याला 'कोणावरही विश्वास ठेवू नका' हा नियम घेऊन जगता येईल काय? उलट बाजूनेही प्रश्न आहेच. डोळे मिटून फसत राहणे म्हणजे प्रीती काय? सावधपणा हा प्रीतीचा अभाव आहे, की प्रीतीचेच एक अंग आहे?

फसवणूक होते कशी?

आधी प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. कैरोतील तहरीर चौकात जुने इजिप्शियन म्युझियम आहे. त्या दिशेने चाललेल्या पाहुण्याला एखादा नीटनेटका गृहस्थ थांबवतो. "आता नमाजाची वेळ आहे, म्युझियम दोन वाजेपर्यंत बंद आहे. तोवर चला, माझ्या भावाच्या दुकानात चहा घेऊ." म्युझियम उघडेच असते. दुकानात पपायरसवर काढलेली चित्रे दाखवली जातात. पपायरसचा कागद बनवण्याची लुप्त झालेली विद्या हसन रगाब या इजिप्शियन अभियंत्याने १९६० च्या दशकात पुन्हा उभी केली आणि आजही खरा पपायरस मिळतो. पण पुष्कळ ठिकाणी केळीच्या पानापासून केलेला कागद पपायरस म्हणून गळ्यात मारला जातो. तो दुमडला की तडकतो. खरा पपायरस सहज गुंडाळता येतो.

गिझाच्या पठारावर उंटवाला अगदी थोड्या पैशांत उंटावर बसवतो. उंट उभा राहिला आणि थोडा दूर गेला की खाली उतरवण्याचे वेगळे पैसे मागतो. उंच उंटावरून उडी कोण मारणार? कोणी अधिकाऱ्याच्या थाटात तिकीट तपासायला मागतो आणि ते हातात ठेवूनच वाटाड्या बनतो. कोणी डोक्याला रुमाल बांधून देतो किंवा हातात दगडी भुंगा ठेवतो. "भेट आहे, मैत्रीखातर!" असे म्हणतो आणि दोन मिनिटांनी त्याची किंमत सांगतो. भारतीय दिसला की "अमिताभ बच्चन!" अशी हाक येते. हे प्रेम पुष्कळदा खरेही असते, कारण हिंदी चित्रपटांनी तिथे कित्येकांना वेड लावले आहे. पण कधी कधी ते दुकानाचा दरवाजाही असते.

टॅक्सीत मीटर 'बिघडलेला' असतो. शंभर ठरले असतील तर उतरताना "माणशी शंभर" असे कळते. किंवा ठरलेले पाउंड अचानक डॉलर होतात. शंभर पियास्टरचा एक पाउंड होतो आणि दोन्हींच्या नोटा आहेत; नवख्या माणसाला सुटे परत देताना ५० पाउंडांऐवजी ५० पियास्टरची नोट सरकवली जाते.

या सगळ्या युक्त्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. आपल्यातल्या एखाद्या चांगल्या गुणावरच त्या घाला घालतात. बोलावले तर नाही कसे म्हणावे ही सभ्यता, भेट नाकारू नये ही भीड, गरिबाविषयीची दया, अधिकाऱ्याविषयीचा आदर, या साऱ्यांचा गळ केला जातो. म्हणून दोन-चारशे रुपये गेले तरी मन दिवसभर कडवट राहते. पैशाचे दुःख थोडे असते. आपल्या चांगुलपणाला मूर्खपणा ठरवले गेले, हे दुःख मोठे असते.

आणखी एक नुकसान होते, ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. विश्वास ही गावातल्या सार्वजनिक विहिरीसारखी गोष्ट आहे. ती एकट्याची नसते. फसवणारा माणूस आपल्या खिशातले पैसे घेतो, शिवाय त्या विहिरीत घाण टाकून जातो. उद्या एखादा सज्जन कैरोकर आपल्याला खरोखरच रस्ता दाखवायला आला, तर आपण त्याला झिडकारतो. अशा रीतीने एका लबाडाची शिक्षा दहा सज्जनांना भोगावी लागते.

अक्वायनस काय सांगतात?

प्रभू येशूने आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवले तेव्हा भोळेपणाने जा असे सांगितले नाही. त्याने त्यांच्यापुढे दोन प्राण्यांचा आदर्श ठेवला. सापाचा चाणाक्षपणा घ्यायचा आणि कबुतराचा निष्पापपणाही सोडायचा नाही (मत्तय १०:१६). आपण मात्र या दोघांपैकी सोयीचा एकच निवडतो. काहींना फक्त कबुतर व्हायचे असते आणि फसल्यावर ते देवालाच दोष देतात. काही जण फक्त साप होतात आणि स्वतःला व्यवहारी म्हणवतात. दोघांना एका मनात कसे नांदवायचे, हा खरा प्रश्न आहे.

तेराव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे आठ घटक सांगितले आहेत. त्यांतला शेवटचा आहे सावधपणा. तो का लागतो? त्यांच्या मते मानवी व्यवहारात चांगले आणि वाईट एकमेकांत मिसळलेले असते आणि वाईट गोष्ट पुष्कळदा चांगल्याचा वेश घेऊन येते. म्हणजे सावधपणा हा मनाचा कोतेपणा नसून सद्गुणाचा भाग आहे. सावध न राहणे हे काही संतपणाचे लक्षण नव्हे.

पण हेच संत दुसऱ्या ठिकाणी असेही विचारतात की, एखाद्याच्या वागण्याविषयी शंका असेल तर अर्थ चांगला घ्यावा की वाईट? त्यांचे उत्तर मोठे मार्मिक आहे. ते म्हणतात की इथे दोन वेगळ्या क्रिया आहेत. संकटावर उपाय योजताना सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरणे शहाणपणाचे असते. पण माणसाविषयी निवाडा करताना, स्पष्ट पुरावा नसेल तर, चांगलाच अर्थ घ्यावा. दुर्जनाला चांगला समजून आपण अनेकदा चुकलो तरी बेहत्तर. पण सज्जनाला क्वचितही वाईट ठरवू नये, कारण त्यात त्याच्यावर अन्याय होतो.

ही दोन वाक्ये नीट समजून घेतली तर आपला गोंधळ मिटतो. रात्री आपण दाराला कडी लावतो. कडी लावली म्हणजे शेजाऱ्याला चोर ठरवले काय? मुळीच नाही. कडी हा उपाय आहे, निवाडा नव्हे. सावधपणा हा हातांचा, खिशाचा, कुलपांचा विषय आहे. संशय हा अंतःकरणाचा विषय आहे. हात सावध ठेवून मन मोकळे ठेवता येते. दुर्दैवाने पुष्कळ लोक याच्या नेमके उलट करतात. ते खिसा उघडा ठेवतात, फसतात, आणि मग मन कायमचे बंद करून घेतात.

अब्राहामाची इजिप्तवारी

इजिप्तला गेलेल्या परक्या प्रवाशांपैकी एकाची गोष्ट आपल्या पवित्र शास्त्रातच आहे, ती उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात. दुष्काळ पडला म्हणून अब्राहाम इजिप्तला निघाला. सीमेवर पोहोचण्याआधीच त्याने मनाशी पक्के केले की इथले लोक दुष्ट आहेत, माझी पत्नी सुंदर आहे, तिच्यासाठी ते मला ठार मारतील. म्हणून त्याने तिला बहीण म्हणून सांगितले. फारोने तिला राजवाड्यात नेले आणि अब्राहामाला मेंढरे, गुरे, उंट दिले. पुढे खरे उघडकीला आले तेव्हा फारोने त्याला विचारले की तू माझ्याशी असे का वागलास? आणि त्याला सुखरूप पाठवून दिले.

कोण कोणाला फसवले? प्रवाशाने यजमानाला! आणि तो प्रवासी आपल्या श्रद्धेचा पिता होता. अब्राहामाची भीती निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. त्या काळी निराश्रित परक्याचे काय होई हे आपण जाणतो. पण त्याने सावधपणाचा उपाय शोधला नाही. त्याने लोकांना न पाहताच त्यांच्याविषयी निवाडा केला आणि त्या निवाड्याने त्यालाच असत्याकडे नेले. संशयाचा हाच मोठा धोका आहे. 'ते सगळे लबाडच आहेत' असे एकदा ठरवले की त्यांच्याशी लबाडी करायला आपल्याला परवाना मिळाल्यासारखे वाटू लागते. ठरलेले भाडे देताना मुद्दाम कमी देणे, खोटे बोलून दर पाडणे, गरीब विक्रेत्याचा अपमान करणे, हे सारे मग 'त्यांना असेच पाहिजे' या एका वाक्याखाली लपते.

उपायाची कसोटी

मग कोणता सावधपणा योग्य? आमच्या मते एक साधी कसोटी पुरेशी आहे. समोरचा माणूस प्रामाणिक असता तर माझ्या या वागण्याने तो दुखावला असता काय? दुखावला नसता, तर तो विवेक. दुखावला असता, तर तिथे संशयाने शिरकाव केला आहे.

या कसोटीवर पुढच्या गोष्टी तपासून पाहा. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे, ते सर्वांचे मिळून किती आणि कोणत्या चलनात हे स्पष्ट विचारावे. शक्यतो मोबाईलवरून बोलावलेली गाडी घ्यावी. तिथे भाडे आधीच दिसते. उंटावर बसण्यापूर्वी बसण्याचे, फिरण्याचे आणि उतरण्याचे मिळून पैसे विचारावेत आणि ते उतरल्यावर द्यावेत. तिकीट खिडकीवरूनच घ्यावे आणि ते आपल्याच हाती ठेवावे. दाखवायचे ते प्रवेशद्वारावर दाखवावे. म्युझियम बंद आहे की उघडे हे दारापर्यंत जाऊन पाहावे. सुट्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात, मोठी नोट देताना तिचा आकडा मोठ्याने बोलावा आणि परत आलेली नोट दोन्ही बाजूंनी पाहावी. एका बाजूला आपल्याला वाचता येणारे आकडे असतात. नको असलेली वस्तू हातात घेऊच नये. "ला, शुक्रन", म्हणजे "नको, आभारी आहे", एवढे दोन शब्द हसून बोलावेत आणि चालत राहावे. फारच त्रास झाला तर पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, त्यांना गाठावे.

यांतल्या एकाही गोष्टीने प्रामाणिक टॅक्सीवाला किंवा उंटवाला दुखावणार नाही. उलट त्याला बरेच वाटेल, कारण स्पष्ट व्यवहारात त्याचाही फायदा असतो. पण रस्ता सांगणाऱ्यावर खेकसणे, पाणी विकणाऱ्या मुलाला हाकलणे, गटात उभे राहून "हे सगळे चोर" असे मोठ्याने बोलणे, यांची गरज कोणत्याच सुरक्षिततेला नाही.

गरिबी आणि बक्षीस

कैरोत पावलोपावली एक शब्द ऐकू येतो, बक्षीस. शब्द मूळ फारसी. तो तिकडे गेला तसा मराठीतही आला. आपल्याकडे शर्यत जिंकणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते, तिकडे दार उघडणाऱ्या पहारेकऱ्याला. थोड्या पगाराच्या माणसाला त्याच्या सेवेबद्दल चार पैसे देणे ही तिथली जुनी रीत आहे. तिला फसवणूक म्हणू नये. न मागितलेली सेवा गळ्यात घालून पैसे उकळणे ही मात्र फसवणूक. दोन्ही एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

या लोकांच्या परिस्थितीकडेही पाहिले पाहिजे. २०१० मध्ये सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक इजिप्तला आले होते. २०११ च्या क्रांतीनंतर ते एका वर्षात १ कोटीच्या खाली उतरले. ऑक्टोबर २०१५ मध्ये सिनाईवर रशियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २०१६ मध्ये संख्या ५४ लाखांच्या आसपास आली. २०२० मध्ये कोविडने उरलेसुरले संपवले. २०१६ च्या सुरुवातीला एका डॉलरला आठ-नऊ पाउंड मिळत. मार्च २०२४ मध्ये ते पन्नासच्या घरात गेले. म्हणजे पाउंडात कमावणाऱ्याच्या ताटातली भाकर किती महागली असेल! आता पर्यटक पुन्हा मोठ्या संख्येने येऊ लागले आहेत. पण २०२५ मध्ये पिरॅमिडसाठी नवे प्रवेशद्वार आणि विजेवर चालणाऱ्या बसगाड्या सुरू झाल्या तेव्हा आमच्या पोटावर पाय आला म्हणून उंट-घोडेवाल्यांनी निदर्शने केली. उंटाला पर्यटक नसलेल्या दिवशीही चारा लागतो.

गरिबीमुळे लबाडी समजू शकते, पण तिचे समर्थन होत नाही. त्याच कैरोत मोकत्तम टेकडीच्या पायथ्याशी 'झब्बालीन' राहतात. शहराचा कचरा घरोघरी जाऊन गोळा करायचा, तो हाताने वेगळा करायचा आणि त्यातून पुन्हा उपयोगी वस्तू काढायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांतले बहुसंख्य कॉप्टिक ख्रिस्ती आहेत. टेकडीच्या गुहांत त्यांनी संत सायमन यांच्या नावाचे विशाल मंदिर उभारले आहे. सिस्टर इमॅन्युएल या धर्मभगिनी १९७१ पासून दोन दशकांहून अधिक काळ कैरोच्या अशा वस्त्यांत राहिल्या. गरिबी सर्वांना लबाड करत नाही, याची ही माणसे साक्ष आहेत. आणि 'तिथली माणसे एकजात लबाड' या वाक्याला ती पुरेसे उत्तर आहेत.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे हा सातव्या आज्ञेचा भंग म्हटला आहे. अज्ञान पर्यटकाचे असते. त्याचा फायदा विक्रेता घेतो, ते पाप आहे. पण अडचण विक्रेत्याची असते. दिवसभर काही खपले नाही हे ओळखून आपण त्याची वस्तू पाव किमतीत उचलतो आणि घरी येऊन फुशारकी मारतो, तेव्हा अडचणीचा फायदा कोण घेतो? लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात विकणारा आणि विकत घेणारा या दोघांनाही एकच ताकीद आहे.

फसलोच तर काय करावे? रक्कम मोठी असेल तर तक्रार करावी. पुढच्या प्रवाशासाठी ते आपले कर्तव्य आहे. रक्कम किरकोळ असेल तर सोडून द्यावे, पण त्या माणसाचे कृत्य त्याच्यापुरतेच ठेवावे, शहराला चिकटवू नये. आणि फसण्याच्या भीतीने दानधर्म थांबवू नये. घरून निघतानाच दानासाठी एक रक्कम वेगळी काढावी. ती दिली की हिशेब विचारू नये.

आपण कोणाचे कैरो आहोत?

शेवटी नजर घराकडे वळवू. आपल्या स्टेशनबाहेर पिशव्या घेऊन उतरलेल्या नवख्या माणसाला रिक्षाचे किती पैसे पडतात? परराज्यातून आलेल्या मजुराला खोली देताना अनामत रक्कम परत मिळते काय? बाजारात गिऱ्हाईक परके आहे हे ओळखून भाजीचा भाव बदलतो काय? आपणही कोणाच्या तरी तोंडी 'तिथली माणसे लबाड' या वाक्यातली माणसे असू शकतो.

आणि आपल्या देशात आलेल्या आफ्रिकन माणसाकडे आपण कसे पाहतो? २०१६ मध्ये बंगळूरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीवर जमावाने हल्ला केला. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण झाली. दोन्ही वेळा जमावाचा राग भलत्याच कोणावर तरी होता. केवळ कातडीचा रंग एक म्हणून समोर सापडलेल्यांना शिक्षा झाली. माणसाविषयी पुराव्याशिवाय केलेला निवाडा कुठवर जातो, हे त्यातून दिसते. 'आफ्रिकन म्हणजे फसवणारे' असे आपल्या वस्तीत कोणी सहज बोलतो, तेव्हा संत ऑगस्टीन आफ्रिकेचेच सुपुत्र होते हे आपण त्याला सांगतो काय? असत्य बोलण्याविरुद्ध ज्यांनी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले, ते हेच ऑगस्टीन.

जुन्या कैरोत 'अबू सर्गा' नावाचे प्राचीन चर्च आहे. त्याच्या तळघरात पवित्र कुटुंबाने आसरा घेतला होता अशी परंपरा आहे. यात्रेकरू तिथे गुडघे टेकतात. तिथे प्रार्थना करताना एका गोष्टीचे मनन करावे. संत जोसेफ परक्या मुलुखात आले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी दिलेले सोने असावे. भाषा अनोळखी, बाजार अनोळखी, कडेवर बाळ आणि पाठीमागे हेरोदाची भीती. फसवायला याहून सोपा प्रवासी कुठला? ते सोने त्यांनी कोणाकडे मोडले, भाव काय मिळाला, खोली कोणी दिली, शास्त्र याविषयी काही सांगत नाही. पण ते कुटुंब तगले, बाळ वाढले आणि घरी परतले. म्हणजे त्या देशात कोणीतरी त्यांच्याशी सरळ व्यवहार केला असणार. आपला तारणारा बालपणी इजिप्तमधल्या अनोळखी माणसांच्या प्रामाणिकपणावर जगला.

तेव्हा यात्रेला जाणाऱ्यांनो, नोटा मोजून घ्या, भाडे ठरवून घ्या, तिकीट हाती ठेवा. पण रस्ता सांगणाऱ्याचे आभार मानायला विसरू नका. आणि इथे राहणाऱ्यांनो, उद्या आपल्या दारी जो परका येईल त्याला योग्य भाव सांगा.

प्रभू आपल्या जाण्यायेण्याचे रक्षण करो.